समोर कोण बसले आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत, गणपतीच्या जागरणात किंवा लग्नघरी जेवणे उरकल्यावर पत्त्यांचा जोड हमखास बाहेर निघतो. बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट हे डाव पानांच्या जोरावर चालतात. 'चॅलेंज' सुरू झाला की मात्र घरातली सगळी प्रतवारी बदलते. हातात एकही राणी नसताना "तीन राण्या" म्हणून भलतीच पाने उपडी टाकणारी आत्या देवघरात बसल्यासारखी शांत असते आणि दहा वर्षांचा भाचा खऱ्या राण्या टाकतानाही कानापर्यंत लाल होतो. या डावात पाने दुय्यम असतात, चेहरे वाचावे लागतात.

अमेरिकेत याच वृत्तीचा जो खेळ मोठा झाला तो पोकर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात आणि मिसिसिपी नदीतल्या आगबोटींवर तो वाढला. आपल्या तीन पत्तीचा हा चुलतभाऊच म्हणायचा. आधी सगळ्यांनी बूट भरायचा, मग आपापली पाने पाहून चाल वाढवायची किंवा पॅक व्हायचे. चांगली पाने असलेला जिंकतो हे अर्धसत्य आहे. ज्याच्याकडे चांगली पाने आहेत असे बाकीच्यांना वाटते, तोही जिंकतो. जॉन फॉन न्यूमन या थोर गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांचे गणित मांडले आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरचा तपशिलात विचार केला. त्यात त्याने थाप मारणे हा स्वभावदोष नसून गणिताचा भाग आहे, हे दाखवून दिले. जो कधीच थाप मारत नाही त्याने चाल वाढवली की बाकीचे मुकाट्याने पॅक होतात आणि उत्तम पाने येऊनही त्याच्या पदरात फक्त बूटच पडतो.

गेल्या काही दशकांत हा खेळ टेबलावरून उचलून बाजारात नेण्याचे प्रयोग झाले. बाजार म्हणजे इथे 'प्रेडिक्शन मार्केट', भाकितांचा बाजार. त्याची रचना सोपी आहे. एखादी गोष्ट घडली तर शंभर रुपये मिळतील, न घडली तर काही नाही, अशी चिठ्ठी विकायला काढायची. चिठ्ठी चाळीस रुपयांना विकली जात असेल, तर ती गोष्ट घडण्याची शक्यता लोकांच्या मते शंभरात चाळीस आहे, असे समजायचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८ साली बुश आणि डुकाकिस यांच्या निवडणुकीसाठी असा एक छोटा बाजार उभारला. पुढे त्यात एका माणसाला जास्तीत जास्त पाचशे डॉलर गुंतवण्याची मर्यादा राहिली. १९८८ ते २००४ या काळातल्या पाच अध्यक्षीय निवडणुकांतल्या ९६४ जनमत चाचण्यांशी या बाजाराच्या भावांची तुलना संशोधकांनी केली, तेव्हा शंभरात चौऱ्याहत्तर वेळा बाजार निकालाच्या अधिक जवळ होता. तेव्हा ही कल्पना टाकाऊ आहे असे कोणी समजू नये.

आता हीच चिठ्ठी पोकरच्या डावावर काढून पाहू. टेबलावर 'अ' आणि 'ब' दोघे उरले आहेत. 'अ'कडे दोन एक्के, 'ब'कडे दोन राजे. पोकरच्या सध्या लोकप्रिय असलेल्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मिळून मध्ये उघडतात. ती उघडण्यापूर्वी 'अ जिंकेल' या चिठ्ठीची रास्त किंमत सुमारे ८२ रुपये होते. मध्ये राजा उघडला आणि एक्का आला नाही, तर तीच चिठ्ठी दहा रुपयांखाली घसरते. दोघांची पाने जर सगळ्यांना दिसत असतील, तर ही नुसती अंकगणिताची उजळणी झाली. पाने झाकलेली असतील, तर मात्र पंचाईत होते. 'अ'च्या पाठीमागे उभे राहून त्याची पाने पाहणारा कोणी चिठ्ठ्या विकू लागला की भाव पडतो, तो भाव 'ब'ला दिसतो आणि 'अ'ने मारलेली थाप उघडी पडते. त्याहून वाईट म्हणजे खुद्द 'अ'च गुपचूप 'ब जिंकेल'च्या चिठ्ठ्या घेऊन ठेवील. टेबलावर शंभर रुपये मुद्दाम हरायचे आणि चिठ्ठ्यांवर हजार कमवायचे. ज्या डावावर पैज लागते, त्या डावात खेळणाऱ्यालाच पैज लावू दिली तर तो डाव डाव राहत नाही. क्रिकेटच्या फिक्सिंगचे दिवस पाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही पंचाईत टाळणारी एक सुबक वाट न्यूयॉर्कच्या शेअर बाजारी जगाने शोधली. तिथे व्यवहाराची नोकरी करणाऱ्यांना पत्ते शिकवण्याची पद्धत आहे. १९८७ साली स्थापन झालेली सस्क्वेहाना ही कंपनी आपल्या उमेदवारांना पोकर शिकवते. जेन स्ट्रीट या दुसऱ्या कंपनीत २०१३ साली एक नवाच खेळ तयार झाला. त्याचे नाव 'फिगी'. पोकरमधला बूट, झाकलेली पाने आणि थाप तशीच ठेवून चालीच्या जागी त्यांनी बाजार आणला.

फिगीत पाने असतात चाळीस. एका रंगाची बारा, दोन रंगांची दहा-दहा आणि एका रंगाची आठ. कोणता रंग किती पानांचा हे कुणालाच ठाऊक नसते. बारा पानांच्या रंगाचा जो जोडीदार, म्हणजे इस्पिक बाराचे असेल तर किलवर, बदाम बाराचे असेल तर चौकट, तो खरा मोलाचा रंग. चौघे खेळतात, प्रत्येकाजवळ सुरुवातीला ३५० असतात. प्रत्येकी ५० असा २०० चा बूट जमतो आणि दहा-दहा पाने वाटली जातात. मग चार मिनिटे नुसता लिलावाचा गोंगाट. "इस्पिक सहाला घेतो", "बदाम नवाला देतो", असे ओरडत पानांची खरेदी-विक्री करायची. वेळ संपली की पाने उघडायची. मोलाच्या रंगाच्या प्रत्येक पानाला बुटातून दहा मिळतात आणि उरलेली रक्कम, १०० किंवा १२०, तो रंग ज्याच्याकडे सर्वांत जास्त असेल त्याला.

चाळीस पाने आणि दोनशेचा बूट, म्हणजे आंधळेपणाने घेतलेल्या पानाची सरासरी किंमत पाच. इथपर्यंत शाळेतले गणित. पुढे मजा आहे. तुमच्या दहा पानांत सहा इस्पिक आली, तर इस्पिक बाराचे असण्याचा संभव बराच वाढतो. तसे असेल तर मोल आले ते किलवरला. म्हणजे हातात ज्याचा ढीग आहे ते कवडीमोल, आणि जे हातात नाही तेच हवे. तुम्ही किलवरला आठची बोली देता, एक पान मिळते. दहाची बोली देता, आणखी एक मिळते. तिसऱ्या बोलीला बाकीचे तिघे कान टवकारतात. याला किलवर का हवे? तुमची निकड तुमची चुगली करते. म्हणून मुरलेला खेळाडू मधेच एक किलवर मोठ्याने ओरडून स्वस्तात विकतो. बाकीच्यांनी घाबरून आपली किलवरे बाहेर काढली की ती हळूच वेचून घेतो. ही थापच, पण तिला किंमत मोजावी लागते.

या खेळात एक शिस्त आहे. गप्पांत आपण "शंभर टक्के तोच निवडून येणार" असे सहज म्हणतो. बाजार विचारतो, शंभरच्या चिठ्ठीला नव्व्याण्णव देतोस का? तिथे बहुतेकांचा आवाज साठ-पासष्टवर येतो. आपल्याला नेमकी किती खात्री आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे सांगायला भाव भाग पाडतो. मात्र दुसरी शिस्त याहून मोलाची आहे. कोणी एखादी वस्तू तुम्हाला विकायला उत्सुक असेल, तर त्याला असे काय ठाऊक आहे जे तुम्हाला नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

बँकेत कर्जाच्या अर्जांवर नोकरीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न नवा नाही. "व्याज कितीही लावा, पण कर्ज द्या" असे म्हणणारा अर्जदार आला की अनुभवी शाखाधिकारी पेन खाली ठेवतो. ज्याला परतफेड करायची आहे तो व्याजाच्या अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करतो. ज्याला करायचीच नाही त्याला बारा काय आणि अठरा काय! जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली याच निरीक्षणाचे गणित मांडले. व्याज वाढवीत गेले तर चांगले कर्जदार निघून जातात आणि बुडवे उरतात, म्हणून बँका एका मर्यादेपलीकडे व्याज न वाढवता सरळ नकार देतात.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, पॉल मिलग्रॉम आणि नॅन्सी स्टोकी यांनी हा विचार टोकाला नेला. सगळेच शहाणे असतील आणि आपल्याजवळच्या खास माहितीपोटीच व्यवहार करीत असतील, तर व्यवहार होणारच नाही, असे त्यांनी सिद्ध केले. कारण समोरचा विकतो आहे, यातच ते घेऊ नये याची सूचना असते. तरीही बाजारात रोज अब्जावधींचे व्यवहार होतात. मग शहाण्यांच्या नफ्याचे पैसे येतात कुठून?

पत्त्यांच्या डावात याचे उत्तर सरळ आहे. ते बुटातून येतात. बूट भरावाच लागतो म्हणून डाव रंगतो, नाहीतर प्रत्येक जण दोन एक्के येईपर्यंत हाताची घडी घालून बसला असता. खऱ्या बाजारात बुटाचा नियम नसतो. तिथे कापूस पिकवणारा किंवा गिरणीवाला भावाच्या चढउतारापासून संरक्षण म्हणून काही रक्कम आनंदाने मोजतो. तो एक प्रकारचा विमा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण निवडणूक, क्रिकेट किंवा पुढच्या आठवड्यातला निर्देशांक यांवर चिठ्ठी घेणाऱ्या सामान्य माणसाला कसलाही विमा नको असतो. त्याला थरार हवा असतो, किंवा आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळते असे वाटत असते. बूट तोच भरतो. चौघांच्या डावात बूट चौघांचा असतो. या बाजारात तो एकाच बाजूचा असतो आणि तो आपण भरतो आहोत हे भरणाऱ्याला माहीत नसते.

चेहरा दिसत होता तोवर यावर थोडा तरी अंकुश होता. गावातल्या तीन पत्तीच्या अड्ड्यावरही परका, सराईत माणूस येऊन बसला की शहाणे लोक चपला शोधू लागत. पडद्याने हा अंकुश काढून टाकला. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन हिशेबनिसाने शंभर डॉलरपेक्षा कमी प्रवेश फी भरून संगणकावर पोकरची पात्रता फेरी जिंकली आणि लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पंचवीस लाख डॉलर मिळवले. आडनावासकट सगळेच इतके जमून आले की लक्षावधी लोकांना पडद्यावरचे पोकर ही कमाईची वाट वाटू लागली. भाकितांच्या बाजाराचेही तेच झाले. आयोवाच्या पाचशे डॉलरच्या प्रयोगानंतर तीन दशकांनी अमेरिकेत कालशी आणि पॉलिमार्केट या कंपन्या उभ्या राहिल्या. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर एकट्या पॉलिमार्केटवर तीन अब्ज डॉलरहून अधिक उलाढाल झाली. त्यात एका फ्रेंच सट्टेबाजाने आठ कोटी डॉलरच्या घरात कमाई केल्याचे वृत्त गाजले. त्याने काय केले होते? स्वतःच्या खर्चाने जनमत चाचणी करवून घेतली होती, आणि त्यात "तुम्ही कोणाला मत देणार" याऐवजी "तुमचे शेजारी कोणाला देतील" असे विचारले होते. ज्यांनी त्याच्या विरुद्ध चिठ्ठ्या घेतल्या, त्यांना पडद्यावर फक्त भाव दिसत होता. त्या भावामागे एक खाजगी चाचणी उभी आहे, हे दिसण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे या गोष्टी आताच आल्या, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईत एके काळी पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, यावर सट्टा चाले. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्त मजकुरात पावसाचे प्रमाण आणि कापसाच्या भावाचे आकडे यांवरच्या पैजांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर गिरणगावात आकडा लागू लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबल्यावर आकडा मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून आणि नंतर पत्त्यांच्या पानांतून निघू लागला. न्यूयॉर्कने पत्त्यांचा बाजार केला, त्याच्या कितीतरी आधी मुंबईने बाजाराचे पत्ते केले होते. त्या मटक्याने पगाराच्या दिवशी किती घरांतल्या चुली विझवल्या, हे लालबाग-परळच्या जुन्या बायकांना विचारावे.

मटक्याचा नवा अवतार गेल्या काही वर्षांत मोबाइलवर आला. या षटकात किती धावा होतील, अमुक चित्रपट किती कमावील, अशा प्रश्नांवर 'होय' किंवा 'नाही'च्या दहा रुपयांच्या चिठ्ठ्या विकल्या जाऊ लागल्या आणि त्याला 'ओपिनियन ट्रेडिंग' असे सुशिक्षित नाव मिळाले. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने हे व्यवहार आपल्या देखरेखीखाली येत नाहीत, तिथे गुंतवणूकदाराला कोणतेही संरक्षण नाही, असा जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवून तीन पत्तीसारख्या निव्वळ नशिबाच्या खेळापासून वेगळे काढले होते. नव्या कायद्याने पडद्यावर पैसे लावून खेळताना तो भेद ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही.

पण कायद्याने एक दार लोटले तरी दुसरे उघडेच असते. शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार पूर्ण कायदेशीर आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. तिथे बूट कोण भरतो हे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये मोजून दाखवले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत हे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. एकट्या २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, खर्च वजा न करता. व्यक्ती आणि इतर यांनी गमावले ६१ हजार कोटींहून अधिक. बेरीज कुणीही करून पाहावी. मोठ्या संस्थांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला होता. त्या वर्षी या बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि पंचाहत्तर टक्क्यांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली असल्याचे नोंदवले होते.

फिगीची जन्मदात्री जेन स्ट्रीट इथे पुन्हा भेटते. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढून या समूहाचे ४,८४३ कोटी रुपये रोखले. सेबीचा आरोप थोडक्यात असा, की सकाळी बँकांचे शेअर आणि फ्युचर्स मोठ्या प्रमाणात घेऊन बँक निफ्टी वर ढकलायचा, त्याच वेळी तो पडण्यावर ऑप्शन्समध्ये कितीतरी मोठी बाजी लावायची आणि नंतर घेतलेले विकून टाकायचे. एका टेबलावर थोडे हरून दुसऱ्या टेबलावर पुष्कळ जिंकायचे, असे त्याचे स्वरूप. कंपनीने हा आरोप नाकारला, आपले व्यवहार नेहमीच्या भाव-तफावतीचे होते असे म्हटले आणि अपिलीय लवादाकडे दाद मागितली. खरेखोटे करणे हे न्याय देणाऱ्यांचे काम आहे. आपल्यापुरता मुद्दा निराळा आहे. आरोप खरा असो वा खोटा, डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर ऑप्शन घेणाऱ्या मुलाच्या समोर त्या दिवशी बसले होते ते पत्त्यांचा रियाझ केलेले, गणितात पदव्या घेतलेले आणि अतिवेगवान यंत्रे बाळगणारे लोक. त्याला दिसत होती फक्त एक हिरवी आणि एक लाल पट्टी.

घराघरांतून यावर दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, मुलाच्या हातातून मोबाइल काढून घ्या. दोन, आजची पिढी हुशार आहे, तिला कळते. पहिलीचा उपयोग होत नाही आणि दुसरी खोटी आहे, कारण तोट्यातल्या त्या ९३ टक्क्यांतही हुशार मुले असणारच. प्रश्न हुशारीचा नाही, समोरचा दिसत नाही याचा आहे.

त्यापेक्षा या सुट्टीत फिगी घरी खेळून पाहावा. न खेळणाऱ्या एका माणसाने, आजी असेल तर तिनेच, आतल्या खोलीत जाऊन जोडातली बारा पाने काढून ठेवावीत. एका रंगाचे एक, दोन रंगांची तीन-तीन, एका रंगाची पाच. कोणत्या रंगाची किती, हे तिने पोटात ठेवावे. मुलांच्या 'व्यापार' खेळातल्या नोटा वाटून घ्याव्यात. खरा पैसा एक रुपयाचाही नको. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटे लावावीत. पहिल्या दोन डावांत सगळे नुसतेच ओरडतील. तिसऱ्या डावात कॉलेजातला मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने आत्याकडून तीन चौकट प्रत्येकी बाराला विकत घेईल. पाने उघडल्यावर चौकट हा बारा पानांचा, बिनमोलाचा रंग निघेल आणि आत्या ते जाणून मुकाट्याने विकीत होती हे त्याला कळेल.

तेव्हा त्याला कोणी उपदेश करू नये. आत्याने मला एवढ्या आनंदाने पाने का दिली, हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहू द्यावा. सोमवारी गाडीत मोबाइल उघडल्यावर तो त्याला आठवला, तर छत्तीसच्या खोट्या नोटा सत्कारणी लागल्या.